पडवीतला बोलका डबा

सासऱ्यांची नजर एकदम गेली नाही. काचबिंदूने ती थोडी थोडी नेली. आधी अंगणातली कोंबडी दिसेनाशी झाली, मग ताटातल्या माशाचा काटा, मग ताट. शेवटी उजेड आहे की काळोख एवढंच कळायचं राहिलं. उभा जन्म बोटींवर सुकाणू धरून काढलेला माणूस आचऱ्याच्या आमच्या घरात पडवीतल्या आरामखुर्चीत येऊन बसला आणि तिथून घराला प्रश्न विचारू लागला.

"कोण ईलो गो?"

"पोस्टमन, बाबा."

"काय घेवन?"

"लायटीचा बिल."

"वारो खंयचो आसा?"

मी स्वयंपाकघरात फोडणी घालताना वारा कुठचा ते सांगायची. वारा बघायला मी बाहेर जात नसे हे त्यांना कळायचं, कारण वारा त्यांच्याच अंगाला लागत असायचा. पण उत्तर चूक आलं तरी ते रागवत नसत. कुणीतरी बोललं, एवढ्यावर ते खूश. "कुत्रो कित्याक भुकता?" या प्रश्नाला कुत्र्याशिवाय कोणाकडे उत्तर नव्हतं, तरी मी काहीतरी सांगून वेळ भागवायची.

माझ्या नवऱ्याने हायस्कुलात जन्मभर मराठी शिकवलं. एका शब्दाच्या व्युत्पत्तीवर अख्खा तास घेणारा हा माणूस निवृत्त होऊन घरी बसल्यावर बापाला मात्र वर्तमानपत्राआडून एका अनुस्वारात उत्तर देई. हं. प्रश्न कोणताही असो, हं.

धाकटे दीर मुंबईला असतात. कुठल्याशा मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरचं काहीतरी करतात. स्वभावाने ते चांगले आहेत. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे सांगायला जागा मिळेल असं वाटत नाही. दर रविवारी त्यांचा फोन यायचा. "बाबा, कसे आसास? जेवलास? बरां. वहिनीकडे द्या फोन." मग मला विचारायचे, "बाबा कसे आहेत?" म्हणजे बाबांनी दिलेलं उत्तर त्यांना माझ्याकडून तपासून हवं असायचं.

गेल्या मे महिन्यात दीर आणि जाऊ गाडी घेऊन आले. दुपारचं जेवण झालं, सगळे पडवीत बसलो, तेव्हा भावजी घसा खाकरून म्हणाले, "बाबांना सोबत हवी. मी यावर बराच विचार केलाय."

मी चमकून वर बघितलं. मला वाटलं, निदान महिनाभर राहायचं ठरवून आलेत. मनातल्या मनात मी माडीवरच्या गाद्यांना ऊनही दाखवलं. तेवढ्यात भावजी उठले आणि गाडीतून एक खोका घेऊन आले.

खोक्यातून सोललेल्या नारळाएवढं एक काळं गोल यंत्र निघालं. त्याला ना बटणं, ना काटा. भावजींनी ते बाबांच्या खुर्चीजवळच्या स्टुलावर ठेवलं, वायर भिंतीत खुपसली, मोबाइलवर बरीच बोटं फिरवली. गावात इंटरनेटची केबल आदल्याच वर्षी माडा-माडावरून येऊन पोचली होती. यंत्राच्या कडेने निळा उजेड फिरला.

"हे आमच्या घरातलंच आहे," भावजी म्हणाले. "गणपतीपर्यंत वापरून बघा. पटलं तर तुमच्यासाठी नवीन घेऊ. तोंडाने सांगायचं, ते ऐकतं. बटण शोधायला नको, बघायला नको. बाबांसाठी अगदी योग्य." मग यंत्राकडे तोंड करून त्यांनी हुकूम दिला, "कंप्युटर, आज मौसम कैसा है?"

यंत्रातून एक बाई गोड आवाजात हवामान सांगू लागली. बाबांनी मान वळवली.

"ही बाय कोण?"

"बाय नाय बाबा, मशीन आसा."

"खंयची?"

"अमेरिकेची."

"मगे हिंदीत कशी बोलता?"

"तिला इंग्रजी आणि हिंदी येतं. मराठी लवकरच येणार आहे," भावजी म्हणाले. लवकरच येणार, असं आम्ही चौपदरी रस्त्याबद्दलही ऐकत आलो होतो, त्यामुळे कोणी पुढे विचारलं नाही.

आमच्या शेजारची काकी रोज दुपारी आमच्याकडे येते. तिने त्या दिवशी यंत्राला लांबूनच एक फेरी मारली. काकीचं माहेर पिंगुळीच्या बाजूला. ती म्हणाली, "आमच्याकडे कळसुत्री बाहुल्यो नाचवतत. बाहुली बोलता, पण बोलणारो माणूस पडद्यामागे आसता. हिच्यामागे कोण?"

"कोण नाही, काकी. सगळं आपोआप," भावजी हसून म्हणाले.

दोन दिवसांनी ते दोघं मुंबईला गेले, आंब्याच्या पेट्या घेऊन. डबा राहिला.

तो घ्यायचा की नाही हे ठरवायचं काम आमच्याकडे आलं आणि घरात पहिल्याच आठवड्यात तीन पक्ष पडले. नवरा विरोधात गेला. त्याचं कारण भाषिक होतं. त्याने आधी 'कंप्युटर' म्हणायलाच नकार दिला. "संगणका, आजच्या ठळक वार्ता सांग," असं तो शुद्ध उच्चारात म्हणाला. यंत्र ढिम्म. त्याला 'कंप्युटर' अशी हाक मारल्याशिवाय जागच येत नाही, हे मी समजावलं तेव्हा त्याने नाइलाजाने तो शब्द उच्चारला आणि पुन्हा ठळक वार्ता मागितल्या. बाईने जरा विचार करून ढोल वाजणारं एक पंजाबी गाणं लावलं.

"हिला ळ येत नाही," नवरा म्हणाला. "मी तीनदा म्हटलं, ती ठलक ऐकते. ज्या यंत्राला ळ येत नाही ते कोकणात काय करणार? नारळ कसा म्हणणार? फणसाचा गरा काढला तरी आठळी उरतेच ना?"

त्यानंतर त्याने यंत्राशी संबंध तोडले. बापाशी त्याचे जेवढे होते तेवढेच यंत्राशी राहिले, म्हणजे दोघांना एकच वर्तमानपत्र आड.

बाबांचं मात्र जमलं. बोटीवर सगळ्या मुलखांचे खलाशी, त्यामुळे त्यांच्याकडे एक बोटीवरची हिंदी होती. त्या हिंदीत विनंती नाही, सगळे हुकूम. "कंपूटर. टाइम बोलो." बाई वेळ सांगायची. "कंपूटर. भजन लगाव." भजन लागायचं. तिने पुढे आणखी काही सुचवायला सुरुवात केली तर "बस, जाव" म्हणून तिला डेकवरून खाली पाठवायचे.

एकदा त्यांनी विचारलं, "कंपूटर. भरती का टाइम बोलो." समुद्राची भरती. बाईने उत्साहाने पोलीस भरतीची माहिती सांगितली, वयाची अट, उंचीची अट, छातीचं माप. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मला हाक मारली.

"गो, पोलिसात जावचा माजा वय गेला म्हणान सांग तिका."

खरं सांगायचं तर मी घेण्याच्या बाजूला झुकले होते. वेळ विचारायला आता बाई होती, हवामान विचारायला बाई होती. माझी फोडणी जळायची थांबली. कुत्रा का भुंकतो हेसुद्धा एकदा त्यांनी तिला विचारलं आणि तिने खूप मोठं उत्तर दिलं. पावसाळा सुरू झाला, वीज जायला लागली, तशी ती दिवसातून कैकदा मुकी व्हायची आणि वीज आली की टुणकन आवाज करून उठायची. बाबा म्हणायचे, "ही आमच्यापेक्षा नाजूक." पण त्यातही एक आपलेपणा आला होता. आजारी माणसाची चौकशी करावी तसे ते मधूनमधून विचारायचे, "उठली काय गो ती?"

याच सुमारास मुंबईकरांना आमच्या घरातलं बरंच काही कळायला लागलं. रविवारच्या फोनवर भावजी म्हणाले, "बाबांचा खोकला वाढलाय. औषध बदलून घ्या." मला वाटलं, बाबांनीच सांगितलं असेल. पुढच्या वेळी जाऊ म्हणाली, "वहिनी, बाबांनी चहा मागितला की जरा लगेच देत जा ना. किती वेळा मागतात बिचारे." मला राग आला तो बाबांचा. सकाळ-संध्याकाळ करायचं मी आणि माझी तक्रार मुंबईला. दोन दिवस मी चहा मागायच्या आधीच नेऊन आदळला. बाबा कोड्यात पडले.

मग ती दुपार आली. पाऊस उघडला होता. काकी आणि मी पडवीत बसून सुक्या सुंगटांची, म्हणजे वाळवलेल्या कोलंबीची, डोकी मोडत होतो. बाबा खुर्चीत डुलक्या घेत होते. काकीने विचारलं, "तुजो दीर गणपतीक येतलो मा?"

"येतलो तर," मी म्हटलं, आणि हातात काम असलं की माझं तोंड जरा सैल सुटतं. "दीड दिसाक येतलो, मोदक खातलो, फोटो काढतलो आणि जातलो. मे म्हयन्यात ईलो तेवा आंब्याच्यो पेट्यो भरून घेवन गेलो. बापसाक काय दिल्यान? डबो. आंबे होये, बापूस नको."

"वहिनी," स्टुलावरचा डबा म्हणाला, "आंबे मी मागितले नव्हते. तुम्हीच गाडीत भरलेत."

काकीच्या हातातलं सूप खाली पडलं. सुंगटं पडवीभर झाली. आवाज बाईचा नव्हता, भावजींचा होता, अगदी स्पष्ट, जरा दुखावलेला. मी डब्याकडे बघितलं. त्याच्या कडेला निळ्याऐवजी हिरवा उजेड फिरत होता.

बाबा जागे झाले. त्यांना कशाचंच आश्चर्य वाटलं नाही.

"अरे, तू? कधी ईलस?"

"मी ऑफिसातून बोलतोय, बाबा."

"मगे हयसर कसो?"

भावजींना सांगावं लागलं. त्यांच्या मोबाइलवर एक खूण होती. ती दाबली की इथलं सगळं तिथे ऐकू यायचं. फोन वाजायला नको, कोणी उचलायला नको. इकडे कळावं म्हणून यंत्र आधी हळूच एक घंटी वाजवतं आणि हिरवा दिवा लागतो, असं ते म्हणाले. घंटी आम्हाला वीज आल्याची वाटत होती. आणि हिरव्याचा अर्थ आम्हाला कोणी सांगितला नव्हता. ज्यांच्यासाठी डबा ठेवला त्यांना तर हिरवा काय नि निळा काय.

"कधीपासून ऐकताय?" मी विचारलं.

"रोज नाही हो वहिनी. अधूनमधून. बाबा बरे आहेत ना, एवढंच बघायला."

काकी गुडघ्यांवर बसून सुंगटं गोळा करत होती. मान वर न करता ती म्हणाली, "तरी मी तेवाच इचारलंय, हिच्यामागे कोण आसा."

त्या दिवशी उरलेला वेळ मी दोन महिन्यांतलं आठवत बसले. पडवी ही आमच्या घरातली बोलायची जागा. तिथे आम्ही कोणाकोणाला सोलून ठेवलं होतं याची उजळणी करताना माझ्या कानशिलांना घाम आला. जावेच्या हातच्या बांगड्याच्या आमटीवर मी काकीला जे ऐकवलं होतं ते तर चांगलं सविस्तर होतं. संध्याकाळी तिचाच फोन आला. आवाज साखरेत घोळलेला.

"वहिनी, एक विचारायचं होतं. बांगड्याच्या आमटीत तिरफळं कधी घालायची हो? मला मेलीला कळत नाही ना."

मी तिरफळं कधी घालायची ते सांगितलं. दुसरं काय करणार?

नवऱ्याला सगळं कळलं तेव्हा तो उभा राहिला. निवृत्तीनंतर तो एवढ्या झटक्यात उभा राहिलेला मी पाहिला नव्हता. "ही पाळत आहे," तो म्हणाला. "शुद्ध पाळत." आणि त्याने भावाला फोन लावला. मी शेजारीच होते, त्यामुळे दोन्ही बाजू ऐकू आल्या.

"दादा, बाबांच्या सुरक्षेसाठी आहे ते," भावजी म्हणत होते. "उद्या ते पडले तर?"

"पडले तर आम्ही आहोत इथे."

"तुम्ही आहात, पण तुम्ही फक्त हं म्हणता. ऐकलंय मी."

नवऱ्याने फोन ठेवला. त्या रात्री तो जेवताना बापाशी पुष्कळ बोलला. पावसाबद्दल, भाताच्या लावणीबद्दल. बाबांनी शेवटी मला विचारलं, "हेका बरां नाय काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डब्याची वायर ओढून काढली. बाबांच्या कानांनी ते टिपलं.

"कित्याक काढलंस?"

"बाबा, तेच्यातसून भावजी आपला सगळा बोलणा आयकतत."

"मगे रवांदे. लाव ता."

"अवो, पण सगळाच आयकतत."

"आयकांदे. फोनवर तो माजा काय एक आयकान घेणा नाय."

मी वायर परत लावली. खोटं कशाला सांगू, मला जरा मजाही वाटली. काय होतंय ते बघावं असं वाटलं.

त्या दिवसापासून बाबा बोलायला लागले. मुलगा कधी ऐकतो हे त्यांना कळण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यांनी सोपा उपाय काढला. सतत बोलायचं. सकाळी अंगावर पांघरूण असतानाच सुरुवात. रात्री झोप कशी लागली, उजव्या गुडघ्यात कळ कुठून कुठे जाते, खाडीला पाणी किती चढलं असेल, आज कोणाच्या घरचा कोंबडा आधी आरवला. मग उपदेश. पैसे कसे राखावेत, बायकोशी वाद घालताना कुठे थांबावं, वादळात बोट वाऱ्याला कशी तोंड करून ठेवावी. मुंबईत सातव्या मजल्यावरच्या घरात बोट कुठून येणार, पण ज्ञान वाया जाऊ नये.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. यंत्राकडून फोनही लावता येतो हे त्यांना कळलं. "कंपूटर. छोटे को फोन लगाव." कसं कोण जाणे, बाईला ते समजायचं. भावजींनीच तशी सोय करून ठेवली होती, गरज पडली तर असावी म्हणून. बाबांना गरज दिवसातून पुष्कळदा पडायची.

एक दिवस भावजी ऑफिसच्या बैठकीत होते. हे मला नंतर जावेने सांगितलं, आणि सांगताना ती हसू दाबत होती, त्या एका गोष्टीसाठी मी तिला आमटी माफ केली. बैठकीत परदेशातले साहेब पडद्यावर होते. भावजींचा मोबाइल खोलीतल्या मोठ्या स्पीकरला जोडलेला होता. बाबांचा फोन आला, गडबडीत बंद करायला गेले ते उचलला गेला, आणि साऱ्या खोलीत बोटीवरचा आवाज घुमला.

"अरे, पोट साफ झाला काय? काल तुजी बायल सांगी होती, गॅस झालो म्हणान. ल्हानपणापासून तुजो कोठो जड. इसबगोल घे. तू जावन ये, मी धरतंय फोन."

बाबांनी खरंच फोन धरून ठेवला होता. ते मला म्हणाले, "गेलो आसतलो. वेळ लागता तेका."

त्यानंतर लगेचच डब्याचं वागणं बदललं. बाबांनी फोन लावायला सांगितला की बाई म्हणू लागली, "माफ़ कीजिए, यह सुविधा अभी उपलब्ध नहीं है." बाबांनी तिच्यावर विश्वास ठेवला. "रेंज नाय आसतली," म्हणाले. फोन लागत नसला तरी तिकडे ऐकू जातंच आहे असं त्यांनी धरलं आणि बोलणं चालू ठेवलं. मी मात्र डब्याकडे बघत होते. हिरवा उजेड त्यानंतर एकदाही लागला नाही.

श्रावणात त्यांचा बोटीवरचा जुना सोबती वारला. खाडीकडे राहायचा. दोघांनी अर्धं आयुष्य एका बोटीवर काढलेलं. नवरा बाबांना हात धरून मयताला घेऊन गेला. परत आल्यावर बाबांनी आंघोळ केली, खुर्चीत बसले आणि स्टुलाकडे तोंड करून सगळी हकीकत सांगायला लागले. कसा गेला, शेवटी काय म्हणाला, मयताला कोण आलं, कोण आलं नाही. सावकाश, एकेक माणूस आठवून. मी दारात तांदूळ पाखडायचं सूप घेऊन उभी होते. इतके दिवस हसले होते त्याचं हसू कुठे गेलं कळलं नाही. सूप खाली ठेवून मी त्यांच्याजवळ गेले.

"बाबा, ता आता मुंबैत आयकाक जायत नाय. भावजीनी बंद केल्यानी."

"कधी?"

"झाले धा-बारा दिस."

त्यांनी तोंड स्टुलाकडून माझ्याकडे वळवलं.

"म्हणजे हो गेलो ता तेका कळला नाय?"

"नाय."

"हेच्या खांद्यार बसान जत्रा बघी तो," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "चाय कर वायंच."

मी चहा ठेवला आणि चुलीजवळूनच भावजींना फोन लावला. ऑफिसात अडचण होत होती, सांगणारच होतो, असं ते म्हणाले. मी त्यांना सोबती गेल्याचं सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. फोन बाबांच्या हातात असता तर ते म्हणाले असते, रेंज नाही.

गणपतीला ते दोघं आले. आरती झाली, जेवणं झाली, आणि भावजींनी विषय काढला. माणूस जिद्दीचा. म्हणाले, झालं गेलं, पण यंत्र वाईट नाही. आता नवीन मॉडेल आलंय, त्याला पडदा आहे, कॅमेरा आहे, समोरच्याचा चेहरा दिसतो. हे ते आंधळ्या बापासमोर बसून सांगत होते. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघांनी एकाच वेळी एकच विचार करण्याचा प्रसंग आमच्या संसारात फार आलेला नाही.

"मग काय बाबा, घ्यायचं?" भावजींनी विचारलं.

"घेवया," बाबा म्हणाले.

भावजींचा चेहरा खुलला. जावेने पदर सावरला.

"पण हयसर नको," बाबा पुढे म्हणाले. "तुज्या घराक घे. तुमी जेवतास थंय ठेव. आणि आयकाची ती काय कळ आसा, ती माज्या फोनात घालून दी. मी हयसून मधी मधी बघीन, तुमी बरी आसास मा."

"नको," जाऊ म्हणाली. नवऱ्याआधी ती कधी बोलत नाही, त्या दिवशी बोलली.

"बाबा, तसं नसतं," भावजी म्हणाले. "घरात माणसाला जरा प्रायव्हसी लागते."

"ता काय?"

"खाजगीपण," माझ्या नवऱ्याने तत्परतेने मराठी प्रतिशब्द दिला.

"ता मुंबैतच मेळता?" बाबांनी विचारलं. खरंच माहिती हवी असावी तसं विचारलं.

काकी गणपतीच्या दर्शनाला म्हणून आली होती, ती प्रसादाची वाटी हातात धरून आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. एवढा प्रसाद तिला कुठल्याच गणपतीत मिळाला नसेल.

संध्याकाळी जावेने स्वतःच डबा खोक्यात घातला, वायर घट्ट गुंडाळून. घ्यायचं नाही असं कोणी तोंडाने म्हटलं नाही. खोका गाडीत मागे गेला आणि तेच ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा भावजींना म्हणाले, "चल, तेच्या घराक जावन येवया. तू मयताक नाय होतस." दोघं पायीच गेले, बाबांचा हात मुलाच्या दंडावर. पायवाटेवर शेवाळ होतं. भावजी मुंबईच्या बुटांत घसरत होते आणि न दिसणारा बाप त्यांना पाऊल कुठे टाकायचं ते सांगत होता. मध्ये भावजींचा फोन वाजला. त्यांनी खिशातून काढला, बघितला, आणि परत ठेवला. मला अंगणातून एवढंच दिसलं. दुपारी परतले तेव्हा भावजींचे डोळे लाल होते. सर्दी झालीय, असं त्यांनी कोणी न विचारताच सांगितलं. मी काढा करून दिला, तोही त्यांनी मुकाट्याने घेतला.

आता रविवारचा फोन पूर्वीपेक्षा लांबतो. फार नाही. माझी भाजी निवडून होईपर्यंत. बाबा सोबत्याच्या गोष्टी सांगतात, भावजी मधून काहीतरी विचारतात, कधी कधी विसरून आपणच काही सांगतात. एका रविवारी फोन आलाच नाही आणि पुढच्या रविवारी त्याचं कारण आलं. तेही बाबांनी ऐकून घेतलं.

नवऱ्याच्या मनात ते 'हं' कुठेतरी रुतून बसलं असावं. तो सकाळी बाबांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवतो. पहिले दिवस अगदी वर्गात वाचावं तसं, विरामचिन्हांसकट. पण बाबांना अग्रलेख नको असतो, राजकारण नको असतं. त्यांना आधी निधनवार्ता हव्या असतात, आणि त्यातही वय किती नि गाव कुठचं. सकाळी सकाळी हे वाचणं अशुभ, असं नवऱ्याचं म्हणणं. परवा यावरून दोघांची जुंपली.

"मेल्याची बातमी वाचून कोणी मरणा नाय," बाबा म्हणाले. "वाच."

"तुमका कित्याक होयी ती नको ती नावां?" नवऱ्याची शुद्ध मराठी कधी सुटून खाली पडली ते त्यालाही कळलं नाही.

"माज्या वळखीचो कोण आसलो तर?"

"आणि नसलो तर?"

"मगे फुडची वाच."

कुकरची शिटी व्हायची होती आणि दोघांचे आवाज चढत चालले होते. मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.